भाषेची जागा

पेंटरकाकांनी काउंटरवरचं लाल पेन उचललं आणि शाळेच्या पत्रकावर पहिली फुली मारली.

“काका, तो कागद तुमचा नाही,” ताई कॉम्प्युटरमागून ओरडली.

“माझा असता तर पेन लागलं नसतं.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर तिच्या छपाईच्या दुकानात हेच चाललं होतं. रविवारी सभा होती. नगरपालिकेच्या शाळेसाठी घरपट्टी वाढवायची की नाही, यावर हात वर करून मत द्यायचं होतं. गावात छपाईचं दुकान एकच. त्यामुळे पाठिंब्याची पत्रकंही इथेच आणि विरोधाचीही इथेच. काल औषधवाला आणि दूधवाला याच काउंटरपाशी एकमेकांची गचांडी धरून उभे होते. “मारामारी बाहेर करा, आत मशीन आहे,” असं तिला सांगावं लागलं होतं.

ताईची मुलगी त्याच शाळेत तिसरीत होती. रविवारी आपला हात वर जाणार, याबद्दल ताईला शंका नव्हती. विरोध करणाऱ्यांचा तिला मनापासून राग यायचा. आणि त्यांचे म्होरके हे पेंटरकाका. उभी हयात त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता पाट्या मशीनवर निघतात, त्याही ताईच्याच, म्हणून ते तिच्याशी आधीपासून तिरकेच बोलत. सकाळी त्यांनी विरोधाचा मजकूर आणून दिला, तेव्हा ती मनात म्हणाली होती, बघू तरी काय दिवे लावलेत. तिने पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती. अक्षर तर असं, की टाइप करणं जिवावर यावं.

आणि शाळेचं पत्रक सुरू होत होतं ते असं: ‘विध्यार्थ्यांच्या उज्वल भवीतव्यासाठि’. खाली मुख्याध्यापकांची सही.

“सतरा!” काकांनी पेन ठेवलं. “अर्ध्या पानात सतरा चुका. मी ह्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. एक काना चुकला तर बाई सगळी पाटी पुसायला लावायच्या. आता ह्यांना धड चार ओळी लिहिता येत नाहीत, आणि पैसे मी मोजायचे? माझी तर नातवंडंही परगावी.”

ताईला मुलीची वही आठवली. गेल्याच आठवड्यात तिने मुलीच्या वहीतलं ‘विध्यार्थी’ खोडलं होतं. “सरांनी फळ्यावर असंच लिहिलंय,” म्हणत पोर हमसून रडली होती. खोटं बोलते म्हणून ताईने वर एक धपाटाही घातला होता. पोर खरंच बोलत होती. काकांचं चुकतंय कुठे, असं ताईला पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. गळ्यात शिट्टी, बुटांना मैदानाची माती. “झालं का, ताई? दोनशे प्रती लागतील.” बोलता बोलता त्यांना लाल फुल्या दिसल्या.

“सर, हे तुम्ही लिहिलंत?” काकांनी विचारलं.

“हो.”

“शुद्धीत होतात ना?”

सर चिडले नाहीत. त्यांनी कागद उचलला आणि एकेक फुली ओठ हलवत वाचली. पाठ करत असल्यासारखी. “उज्ज्वलला दोन ज असतात होय,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

“काका, मी खेळाचा शिक्षक. भाषेच्या बाई निवृत्त झाल्या, त्याला नऊ वर्षं झाली. पगाराला पैसे नाहीत म्हणून जागा भरलीच नाही. भाषा माझ्या गळ्यात पडली. गेल्या वर्षी आधीचे मुख्याध्यापक शाळा सोडून गेले, मग त्यांची खुर्चीही पडली. मी चुकतो हे मला माहीत आहे. कुठे चुकतो तेच कळत नाही. आणि मला कळत नाही, ते पोरांना कुठून कळणार?”

मग काकांचाच पारा चढला.

“अहो, मग हे का नाही लिहिलंत? उज्ज्वल भवितव्य, उज्ज्वल भवितव्य! त्याचं काय लोणचं घालायचंय? भाषेची जागा नऊ वर्षं रिकामी आहे, एवढं एक वाक्य लिहायला काय धाड भरली होती?”

“लाज वाटली,” सर म्हणाले.

काकांनी लाल पेन पुन्हा उचललं. मग ताईपुढे हात केला. “माझा कागद दे.”

तिने दिला. वर ठसठशीत अक्षरांत मथळा होता, ‘करवाढ कशासाठी?’ तो त्यांनी राहू दिला. खालच्या सगळ्या मजकुरावर, त्या एकही चूक नसलेल्या मजकुरावर, लाल पेनाने तिरपी रेघ ओढली. तळाशी थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी पाटी रंगवावी तशा सावकाश हाताने लिहिलं, ‘भाषेच्या शिक्षकासाठी.’

“हे छाप,” ते म्हणाले. “सरांच्या दोनशे आणि माझ्या दोनशे, सगळ्या ह्याच. आणि मागची बाजू कोरी ठेव, ताई. वर्षभरात शिक्षक आला नाही, तर मला तिथे बरंच काही लिहायचंय.”