पाण्याचं गाणं

दक्षिण इथिओपियातल्या बोराना गुराख्यांच्या खोल विहिरीत शिडीवर उभं राहून म्हाताऱ्या जल्देसाने चाळीस वर्षं पाण्याच्या बादल्या वर दिल्या होत्या, तेही गात गात. ते गाणं कानावर पडलं की गुरं हौदाकडे धावत सुटायची.

त्याच्या कामाबद्दल मुलाखत घ्यायला अदिस अबाबाहून आलेल्या हिरुतने रेकॉर्डर पुढे धरला. "आजोबा, तेवढं गाणं म्हणा ना."

"छे गं पोरी. गाणं म्हणजे पाणी. विहीर आटून वर्ष झालं. मुक्या जिवांना फसवू होय?"

हिरुतने आजूबाजूला पाहिलं. सगळा माळ ओसाड पडला होता. "पण आजोबा, इथे गुरंच कुठे आहेत?"

जल्देसा हौदाच्या भेगाळलेल्या काठावरून हात फिरवत राहिला.

"तेच तर. मी गायलो आणि एकही आलं नाही, तर?"