पॅनलचं तोंड

पॅनलचं तोंड दक्षिणेकडे करायचं, हे कानावर पडलं आणि आनंदाबाईंनी शिडीच काढून घेतली. सोलर बसवायला आलेला चंदन छपरावर अडकला. खाली उतरायची सोय नाही आणि हातातला पाना चालवायची परवानगी नाही.

"तिकडं वात मेल्या माणसासाठी करतेत," त्या म्हणाल्या. "माहा माणूस जिता हाये."

माणूस आत खाटेवर होता. रूपरावांची फुप्फुसं थकली होती. हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं मशीन नाकाला लावलं, तरच त्यांची रात्र निघे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, पण घर केळझरच्या शिवारात, वावराच्या मधोमध. विजेचे खांब गावातच थांबलेले. गावात खोली घेऊ, असं मुलगा ऋतिक म्हणाला होता. रूपरावांनी साफ नाही म्हटलं. ज्या वावरात वांगी-टमाटे काढण्यात आयुष्य गेलं, ते सोडून परक्याच्या खोलीत पडून राहायला ते तयार नव्हते.

मग ऋतिकनं हिंगणघाटची सोलरची दुकानं पालथी घातली. दुकानदार विचारत, पंखे किती, टीव्ही आहे का, फ्रिज घेणार का. याचा उलटा एकच प्रश्न असे, मशीन सकाळपर्यंत चालेल का? स्वस्तातलं पॅनल त्यानं बघून बाजूला ठेवलं. मोठी पॅनलं निवडली, तशीच दमदार बॅटरी निवडली. लग्नाला मुलगी बघतानाही कोणी एवढी चौकशी करत नाही, असं एक दुकानदार म्हणाला. ऋतिकला हसू आलं नाही.

एवढं सगळं पारखून आणलं आणि गाडी अडली ती दिशेवर.

चंदननं वरूनच समजावलं. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. तोंड पूर्वेला केलं तर दुपारनंतर ऊन पॅनलच्या पाठीवर पडेल, बॅटरी पुरती भरणार नाही. आनंदाबाईंना त्यातलं काही खोटं वाटलं नाही. पण त्यांनी या घरात झोपणाऱ्याचे पाय कधी दक्षिणेकडे होऊ दिले नव्हते. सासू गेली तेव्हा पिठावर ठेवलेल्या दिव्याची वात त्यांनीच दक्षिणेकडे केली होती. आता घरावर उजेडाची एवढी मोठी वस्तू यमाच्या दिशेला तोंड करून बसवायची, तीही नवरा अंथरुणावर असताना? त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. म्हणणाऱ्यांनी त्याला खुशाल अडाणीपणा म्हणावं. ती माया होती.

ऋतिक आधी चिडला, मग समजावू लागला. शेवटी आतून रूपरावांनी त्याला हाक मारली. बोलताना त्यांना दम लागत होता.

"तिच्या मनासारखं करून दे. तिले झोप तं लागन."

पॅनलं पूर्वेकडे तोंड करून बसली. चार दिवस जाऊ देऊ, मग हळूच फिरवून घेऊ, असं ऋतिकनं मनाशी ठरवलं. पण मशीन तर चालत होतं. रूपराव सकाळी दारात येऊन बसू लागले, खुडून आणलेल्या वांग्यांना नावं ठेवू लागले. आनंदाबाई भाकरी थापताना गुणगुणू लागल्या. त्यात खोडा कोण घालणार? फिरवायचं राहून गेलं.

पौषात एक दिवस आभाळ भरून आलं. सकाळ सगळी ढगात गेली. दुपारी उघडलं तेव्हा ऊन पॅनलच्या पाठीवर होतं. पहाटे मशीन शिट्टी वाजवून बंद पडलं. ऋतिक मोटरसायकलवर सेलूला ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला पळाला. परत आला तेव्हा आनंदाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काऊन बंद पडलं रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

खरं काय ते ऋतिकच्या ओठावर आलं होतं. त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि बॅटरी खराब निघाली म्हणून सांगितलं. दुकानातून माणूस येऊन बदलून देईल, असंही वर म्हणाला. चंदनला फोन करून त्यानं तेच बोलायची गळ घातली. बाप गेल्याचं दुःख करायलाही त्याला धड सवड मिळाली नाही, आधी हे खोटं सांभाळायचं होतं. संध्याकाळी पिठावर दिवा ठेवला गेला. वात कुणीकडे करायची, हे आनंदाबाईंना कोणी सांगावं लागलं नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. चंदन मशीनच्या वायरी सोडवायला आला, तेव्हा आनंदाबाई अंगणात आल्या. पॅनलचं तोंड दक्षिणेकडे करून दे, म्हणाल्या. चंदन बावरून ऋतिककडे बघू लागला. ऋतिक घाईनं म्हणाला की आता मशीन नाही, दिवे आणि पंखाच तर आहे, आहे त्यात भागतं, उगाच कशाला फिरवायचं.

 आनंदाबाईंनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला.

"रोज रात्रभर घरात लाइट जळून राह्यला, बाबू," त्या म्हणाल्या. "बॅटरी बदलायले तं कोणी आलं नाई."