दुसरीचं नाव

त्या सकाळी सकुबाईने डब्यात चार भाकऱ्या घातल्या आणि रोजच्यासारखी लेकीला चिडवलं, "कालेजात जाऊन खादाड झालीस गो!" मनस्वी रोजच्यासारखी नुसती हसली आणि मुरबाडच्या एसटीला पळाली. संध्याकाळी परतली तेव्हा आई गेलेली होती.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा कॉलेजला निघाली, तेव्हा बापाने डबा पुढे केला. जाड, करपलेल्या चार भाकऱ्या.

"बाबा, मला दोन पुरतात."

"ठावं हाय. तुझी आय बोलली व्हती, पोरीच्या संगती कोनतरी उपाशी असतं. विचारू नको, घालत जा."

मनस्वी आईच्या फोटोसमोर थांबली.

"आये, रश्मी नाव तिचं. कुनाला सांगू नको म्हनली, म्हनून तुला कधी बोलले नाय."