मुलांच्या वॉर्डाची पाळी

"जोड्या लावा," मॅडम म्हणाल्या आणि क्षणात मुली दोन-दोन होऊन उभ्या राहिल्या. काकू तेवढ्या एकट्या उरल्या. पटावर आकडा विषम, म्हणजे कुणी तरी उरणारच होतं. कोण, याचा विचार मात्र कुणालाच करावा लागला नाही.

काकू सत्तेचाळीस वर्षांच्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. बाकीच्या सगळ्या अठरा-एकोणीसच्या.

"या, माझ्या दंडावर टोचा," मॅडमनी बाही वर केली. त्याही काकूंहून पंधरा वर्षांनी लहान. सिरिंजमध्ये नुसतं मिठाचं पाणी होतं, तरी मुली मागे मागे सरत होत्या. एक जण तर सुई बघूनच मटकन खाली बसली होती. काकूंनी कापूस फिरवला. सुई गेली आणि आलीही.

"अहो, कळलंसुद्धा नाही! पहिल्यांदाच ना?"

"हाताला कामाची सवय आहे," काकू म्हणाल्या.

कॉलेजात नाव घातलं तेव्हा थोरला भाऊ भडकला होता. "बरी चाललेली नोकरी सोडून आता पिकल्या केसांना रिबिनी बांधणार? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नाहीत. भावाचा फोन तेवढा बंद झाला. नवरा आधीच गेलेला. भाड्याच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. संध्याकाळी काकू धडे मोठ्याने वाचायच्या. पाठ व्हावेत म्हणून, आणि खोलीत कुणाचा तरी आवाज असावा म्हणूनही.

डबा त्या जिन्याखालच्या बाकावर एकट्याच खायच्या. मुली वाईट नव्हत्या. जाता-येता "काकू, जेवलात का?" विचारायच्या आणि उत्तराआधीच पुढे गेलेल्या असायच्या.

औषधाच्या मात्रांचं गणित सगळ्यांच्या डोक्यावरून जायचं. काकू मात्र एकेक उदाहरण चार-चारदा सोडवायच्या, बरोबर आलं तरी.

"काकू, पास होण्यापुरतं आलं की बास झालं हो," एक चष्मेवाली मुलगी हसून म्हणाली.

"पास होण्यापुरतं नाही चालत गं," काकू म्हणाल्या आणि पाचव्यांदा आकडे मांडले.

वॉर्डातल्या कामाची यादी लागली. काकूंचं नाव मुलांच्या वॉर्डात होतं, चष्मेवालीबरोबर. पहिल्याच सकाळी दोघी दारातून आत शिरल्या. तापाने फणफणलेली एक पोर खाटेवर कण्हत होती. तिच्या आईने काकूंचा हात धरला. "सिस्टर, जरा बघता का हिच्याकडे?"

काकूंनी हात सोडवून घेतला, वळल्या आणि तडक बाहेर पडल्या. चष्मेवालीला त्या जिन्यात सापडल्या, कठड्याला धरून उभ्या, चेहरा पांढराफटक.

दुपारपर्यंत ते वर्गभर झालं. काकूंची मुलगी डॉक्टरांच्या चुकीने गेली असणार, असं मुलींनी ठरवूनही टाकलं. म्हणून तर बाई या वयात शिकायला आल्या. मुलींचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या बाकावर पहिल्यांदाच चार डबे उघडले. काकूंनी आपला डबा झाकून ठेवला.

तिसऱ्या दिवशीही त्या वॉर्डाच्या दारातूनच परतल्या, तेव्हा मॅडमनी त्यांना खोलीत बोलावून दार लोटून घेतलं.

"ही पाळी पूर्ण केली नाहीत, तर वर्ष वाया जाईल तुमचं."

"मला माहीत आहे, मॅडम."

"ऐकलंय मी. मुली बोलत होत्या." मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "किती वर्षांची होती?"

काकूंनी पेला तसाच परत सरकवला. "चार. चौदा किलो वजन. डाव्या गालावर खळी."

"आईला सगळं लक्षात राहतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांना मनातून माफ करा, ताई. म्हणजे तरी मोकळ्या व्हाल."

"डॉक्टरांनी बरोबरच लिहिलं होतं," काकू म्हणाल्या. "आणि तिची आई बाहेर बाकावर बसली होती, मॅडम. आत मी होते. वीस वर्षं खाजगी दवाखान्यात सिस्टर म्हणवून घेत होते, एक दिवसही न शिकता. औषध मी भरलं होतं."