अकरावर एक

दाराबाहेर चपला काढतानाच वैष्णवीला आतून कांदेपोह्यांचा वास आला. म्हणजे तिच्या मैत्रिणीला, स्वरालीला, बघायला पाव्हणे येऊन बसले होते.

मागच्या दारानं ती स्वयंपाकघरात शिरली. स्वराली नव्या साडीत चुलीपाशी बसली होती. डोळे लाल, हातात चहाचा ट्रे.

"आज नाव घालायचा शेवटचा दिवस. कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत तू बारामतीत पायजेस," वैष्णवी कुजबुजली. "शेवटच्या वर्षाला गणित घेणारे माझ्यासकट अकराच झालेत. बारा न्हाय झाले तर वर्गच बंद. सर म्हणाले, मग पुण्याला जा."

"तुझे बाबा पाठवतील पुण्याला?"

"इंदापूरला मावशीकडं दोन दिवस सोडत न्हाईत, पुण्याला कुठं?"

"आणि मला कोण सोडतंय?" स्वरालीनं पदरानं नाक पुसलं. "लग्नानंतर कॉलेज बंद, असं पाव्हण्यांनी आधीच सांगितलंय."

वैष्णवीनं ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. "बस तू. मी बोलते."

दोन वर्षांमागं हीच वैष्णवी फळ्यापाशी गेली की तिच्या हातात खडू भिजायचा. आता खुद्द सरांची पायरी चुकली तर सगळ्या पोरांदेखत सांगायला ती उठायची. पण सर वेगळे आणि डाळजचे दादासाहेब वेगळे. स्वरालीच्या या वडिलांपुढं गावात कुणी मोठ्यानं शिंकत नसे.

सोप्यात सतरंजीवर नवऱ्या मुलाचे वडील मानसिंगराव बसले होते, फेटा मांडीवर काढून. शेजारी त्यांची बहीण शकुबाई. मुलगा आलाच नव्हता. आधी मोठ्यांनी बघायचं, मग त्यानं.

वैष्णवीनं दोघांच्या हातात चहा दिला आणि तिथंच उभी राहिली.

"काका, स्वरालीला आज माझ्याबरोबर बारामतीला पाठवा. एक वर्ष शिकू द्या तिला."

"पाव्हण्यांच्या म्होरं?" दादासाहेबांचा आवाज चढला. "काय लाजबिज हाय का न्हाय तुला?"

मानसिंगरावांनी हात वर केला. "बोलू द्या की. कुणाची गं तू?"

"निमगाव केतकीच्या आप्पासाहेबांची."

"ओढ्यापलीकडं मळा हाय, ते?"

"व्हय."

"मामा कुठलं?"

"लासुर्ण्याचे."

"बरं बरं." त्यांनी बशीत चहा ओतला.

शकुबाई मात्र तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. "एवढं गणित शिकून काय करतीस? भाकरी चौकोनी हुती व्हय?"

"भाकरी गोलच हुती, आत्या. पीठ वाया जात न्हाय एवढंच."

"थापाय येती म्हंजे."

"आई आजारी होती तवा महिनाभर मीच थापल्या."

"मग आता एक सांग." शकुबाई पुढं सरकली. "आमच्या थोरल्या सुनंला तिन्ही पोरीच. आता चौथ्या खेपंला तरी पोरगा व्हणारच का न्हाय? काय म्हणतंय तुझं गणित?"

दादासाहेबांनी डोळे वटारले. व्हय म्हणून मोकळी हो, असं ते डोळे सांगत होते. व्हय म्हटलं तर पाव्हणे खूश होणार होते, अन् गणित खोटं पडणार होतं.

"व्हणारच असं न्हाय," ती म्हणाली. "रुपया तीनदा छापा पडला म्हणून चौथ्यांदा काटा पडायचं बंधन न्हाय त्याच्यावर. मागचं काय त्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. दर खेपेला निम्मं निम्मंच. आणि सुनंला बोल लावायला तर गणितात जागाच न्हाय."



मानसिंगराव मिशीत हसले. "शके, तुझं तोंड बंद करणारं कुणीतरी भेटलं बघ."

"भीत न्हाय पोरगी," शकुबाई म्हणाली. राग की कौतुक, काही कळेना. तिनं भावाला डोळ्यानं खुणावलं आणि दोघं अंगणात गेले. वैष्णवी ट्रे छातीशी धरून उभी. दादासाहेब तिच्याकडं बघतसुद्धा नव्हते.

दोघं परत आले, मानसिंगराव फेटा बांधूनच.

"दादासाहेब, शिकू द्या तुमच्या पोरीला," मानसिंगराव म्हणाले. "आमचा काय आग्रह न्हाय."

"आवं, पण तिला बघा तरी."

"ऱ्हाऊ द्या. आमी निघतो."

जीप धुरळा उडवत गेली. दादासाहेब खांबाला टेकले. मग वैष्णवीकडं न बघताच म्हणाले, "जा घेऊन तिला. मोडलंसच न्हवं सगळं."

एसटीत स्वराली एका डोळ्यानं रडत होती, एका डोळ्यानं हसत होती. कॉलेजच्या ऑफिसची खिडकी अर्धी लागलेली. वैष्णवीनं तिच्या फटीत हातच घातला. आतल्या सरांनी आधी तिचा हात बघितला, मग मागं धापा टाकणारी स्वराली.

"बारा," सर म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले. "वर्ग पक्का. सोमवारपासून तास. आणि पोरींनो, यंदा संख्याशास्त्राच्या पेपराला कॉम्प्युटर येतोय."

स्वराली बारामतीजवळच जळोचीला, आपल्या मावशीकडं राहायला गेली. वैष्णवी निमगावच्या गाडीत बसली आणि खिडकीतून येणारं वारं तोंडावर घेत राहिली. सगळ्या पाव्हण्यांना पुरून उरू, असं वाटत होतं तिला.

घरी आई उंबऱ्यातच उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा.

"आई, वर्ग वाचला. सोमवारपासनं तास," वैष्णवी अंगणातनंच ओरडली.

आईनं तिच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"आता कसलं कॉलेज गं? मानसिंगराव आन् शकुबाई आत्ताच सुपारी फोडून गेले. डाळजात तू त्यांच्या हातात चहा दिलास न्हवं, तितंच पसंत पडलीस."