खाडीची राखण

पंच्याऐंशी सालापर्यंत ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जवळजवळ सगळ्यांनी होड्यांना इंजिनं बसवली, पण दामाजीने शीड काही सोडलं नाही. होळीनंतर एकदा तो बायकोला, सगुणाला, नव्या शिडाच्या होडीतून खाडीत फिरवायला निघाला. दुपारी ओहोटी लागली आणि होडी एका बेटाच्या चिखलात टेकली. आता भरतीपर्यंत थांबणं आलं.

ताडांच्या आड आठ-दहा घरांचं गाव दिसत होतं. दामाजी गाणं गुणगुणत शिडाचे दोर आवळत बसला, आणि सगुणा पाणी मागायला वर गेली.

बायका ओट्यावर जाळी विणत होत्या. "ये गो बाय, बस," म्हणत एका म्हातारीने तांब्या पुढे केला. तिच्या उजव्या हातात सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या बांगड्या होत्या. डावा हात मोकळा. सगळ्याजणींचं तसंच.

सगुणाला नवल वाटलं. कोळणीचा मोकळा असतो तो उजवा हात. त्यातल्या बांगड्या लग्नातच खाडीला वाहायच्या, म्हणजे खाडी नवऱ्याला राखते. सगुणानेही वाहिल्या होत्या. हिरव्याच, सोनेरी ठिपक्यांच्या.

तिचं पाणी पिऊन होताच म्हातारीने आपल्या बांगड्या उतरवल्या आणि तिच्या उजव्या हातात चढवल्या. अगदी मापाच्या बसल्या.

"तुझ्याच हायेत गो," म्हातारी मायेने म्हणाली. "इतके दिस आमी राखलं. आता तुझं तुला."

बायकांचे हात थांबले होते. सगळ्या सगुणाच्या खांद्यावरून खाडीकडे बघत होत्या.

खालून दामाजीचं गुणगुणणं अजून ऐकू येत होतं. सगुणा बांगड्या ओढू लागली. त्या निघेनात.