वैनीच्या कलमांचा पातेरा

सातवी टोपली ओतून लवूने पातेरा पायांनी चांगला दाबला. वाळकी पानं, गवत, नारळाची भिजकी सोडणं. आंब्याचा बुंधा कमरेइतका झाकून गेला.

"मुळां थंड रवतली, वैनी," तो घाम पुसत म्हणाला.

सुगंधा पायरीवर उभी होती. तिचा नवरा गणपत हिवतापाने गेला, त्याला दीड वर्ष झालं. मागे उरली वाटणीची सहा हापूस कलमं. दगडी गडग्यापलीकडची सहा धाकट्या दिराची, लवूची. त्या सहा झाडांवर तिचं पोट होतं. ती झाडं गेली की माहेरच्या गावी, कट्ट्याला, भावाच्या दारात उभं राहायचं, आणि भावजयीचं तोंड ती ओळखून होती.

गेल्या पावसात दोन कलमं उभ्या उभ्या वाळली. आता तिसऱ्याची पानं लोंबायला लागली होती.

लवूने मात्र काही कमी केलं नाही. लोक वाटणी झाली की आपला हात जगन्नाथ करतात. याचं सगळंच उलटं. वहिनीच्या झाडांना ढिगाने पातेरा, स्वतःच्या झाडांना जेमतेम चार बोटं थर, तोही बुंध्यापासून हातभर लांब. वाडीत बायका म्हणत, "आपणाक उणा, वैनीक दुणा. दीर व्हयो तर असो!"

तरी झाडं मरत होती, आणि सुगंधाला भीती वाटत होती. दुपारी वाडी सामसूम झाली की ढिगातून बारीक कुरकुर ऐकू येई, कोणी आत बसून सावकाश चावतंय तशी. एकदा तिने ढिगात हात घातला. आत ऊब होती, तापलेल्या माणसाच्या अंगासारखी. तिने हात ओढून घेतला आणि दोनदा धुतला.

"जागेचो राखणदार कोपलो," लवू हळूच म्हणाला. "दादा गेलो. बाईमाणसाच्या हातात जागा त्येका पटणा नाय."

"नारळ दिलंय मी त्येका. कोंबो दिलंय."

"तां खरां. पण तुमका काय झाला तर मी दादाक काय तोंड दाखवू? कट्ट्याक जावा, वैनी. जागा मी बघतंय."

"ही उरलेली तीन जगली तर?"

लवूने आठवी टोपली उचलली.

जूनच्या सुरुवातीला त्याला मुंबईहून पत्र आलं. गिरणीत बदलीवर काम होतं, गणपतीपर्यंत. त्याचं लग्न ठरत होतं, चार पैसे हवेच होते. निघताना ट्रंक खांद्यावर घेऊन तो तिच्या दारापुढच्या खळ्यात आला.

"माज्या कलमांर लक्ष ठेवा. आणि ह्या ढिगांक हात लावू नकात. राखणदाराक चलाचा नाय."

"ठेवतंय," सुगंधा म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ गडग्यापाशी उभी राहिली. एकदा या बाजूच्या झाडांकडे बघत होती, एकदा त्या बाजूच्या.

त्या वर्षी पाऊस उसंत न घेता कोसळला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी लवू आला. घरीसुद्धा न जाता आधी वहिनीच्या पडवीत टेकला. पायवाटेने तिचंच घर पहिलं लागत असे. तिने पाणी दिलं, गूळ दिला.

"मगे, वैनी? कलमां?" त्याने चेहरा जमेल तितका पडका ठेवला होता.

"तीन जगली. नयी पालवी इली त्येंका."

लवूच्या हातातला गूळ हातातच राहिला.

"राखणदार सपनात इलो," सुगंधा समईच्या वाती वळत म्हणाली. "म्हणालो, दीर तुझ्यासाठी इतक्या करता, तू त्येच्यासाठी काय केलंस? खरां सांगतंय, माका लाज वाटली. तुमी गेल्याच्या दुसऱ्याच दिसाक माजे सगळे ढीग उपसलंय आणि तुमच्या सहाय कलमांक नेऊन घातलंय. कमरेइतके. अगदी तुमी घालतास तसेच, खोडाक चिकटवन. वर दर आठवड्याक दोन दोन टोपल्यो वल्यो सोडणां."

लवू उठला. पडवीची पायरी चुकून चिखलात उतरला आणि गडग्याच्या दिशेने धावत सुटला.

"भावजीनू!" सुगंधाने पडवीतूनच हाक मारली. शेजारणी दारात येऊन बघू लागल्या. "असे धावतास कित्याक ओ? पातेऱ्यान झाड मरता काय?"